बोंडं, वाट्या आणि मन्मथअप्पा

मन्मथअप्पांना कुणी "चहा कसा झालाय?" असं विचारलं की ते बशी खाली ठेवत, मिशी पुसत आणि म्हणत, "आजचा बरा हाय." यातल्या 'आजचा'वर त्यांचा भर असे. कालच्या चहाबद्दल किंवा एकूण त्या हॉटेलाबद्दल त्यांचं मत काय, हे मला इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसूनही कळलं नाही. खोदून विचारलं तर ठरलेलं उत्तर येई, "एका हंगामावर बोलू न्हाई."

परभणीजवळच्या एका संशोधनाच्या शेतावर आम्ही दोघे नोकरीला होतो. मी सावलीत, ते उन्हात. ज्वारीच्या वाफ्यांतून ते जे मोजून आणत, त्याच्या बेरजा आणि सरासऱ्या मी करायचो. त्यामुळे त्यांच्या बोलण्यामागची रीत मला ठाऊक होती. दोन वाणांत चांगला कोणता हे आमच्याकडे नुसतं पाहून ठरत नाही. दोन्ही वाण शेतात ठिकठिकाणी पेरायचे. कोणता कुठे, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, म्हणजे चांगली जमीन आपल्या लाडक्याला जात नाही. शेजारी जुना, माहितीतला एक वाण तुलनेला ठेवायचा. कडेच्या ओळींना ऊन-वारा जास्त मिळतो, म्हणून त्या मोजणीतून वगळायच्या. आणि हे सगळं तीन हंगाम केल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. आम्ही बाकीचे ही रीत कामावर पाळायचो आणि संध्याकाळी सायकलीवर टांग टाकताना विसरायचो. अप्पा ती घरी घेऊन जायचे.

थोरल्या मुलीसाठी गंगाखेडचं स्थळ आलं, तेव्हा अप्पा उन्हाळ्यात जाऊन मुलगा पाहून आले. मुलाकडचे निरोपाची वाट पाहत बसले. पावसाळ्यात अप्पा पुन्हा गेले. मुलाकडच्यांनी पुन्हा पोहे केले. दिवाळीनंतर थंडीत अप्पा तिसऱ्यांदा दारात उभे राहिले, तेव्हा मुलाच्या वडलांनी हात जोडले. "अप्पा, आता काय बघायचं राहिलं? पोरगं तेच हाय."

"पोरगं तेच हाय," अप्पा म्हणाले, "हंगाम निराळा हाय."

पोरगा तिन्ही हंगामांत सारखाच निघाला आणि लग्न झालं. अप्पांच्या बायको, गिरजाकाकू, ही हकिगत सांगून वर म्हणायच्या, "मला बघायला एकदाच आले होते. त्याचाच धसका घेतला असंल." अप्पा गंभीरपणे मान हलवायचे. त्यांना विनोद कळत नसे असं नाही. एकदाच ऐकलेल्या विनोदावर ते हसत नसत, एवढंच.

हा जावई, शिवा, पुढे सौदीला फिटर म्हणून गेला आणि पहिल्या सुट्टीत येताना सासऱ्यांसाठी वॉकमन घेऊन आला. खिशात मावणारा टेप आम्ही तोवर फक्त ऐकून होतो. त्याच्याबरोबर ऐकायची दोन साधनं होती. एक कानाच्या भोकाशी बसणारं, बारीक वायरीच्या टोकाला दोन काळ्या गुंड्या. दुसरं डोक्यावरून जाणाऱ्या पट्टीचं, दोन्ही कान झाकून टाकणारं. अप्पांनी त्यांना लगेच नावं दिली. पहिली ती बोंडं, कापसाची असतात तशी. दुसऱ्या त्या वाट्या.

"मामा, पुढच्या बारीला सासूबाईंनाबी एक टेप आणतो," शिवा म्हणाला. "फक्त सांगा, त्याच्यासंगं बोंडं आणू का वाट्या? आवाज कशात चांगला हाय?"

"बघू," अप्पा म्हणाले.

काकू आतून ओरडल्या, "बघू म्हणल्यावर झालं! तीन वर्सं गेली माजी."

काकूंची घाई रास्त होती. घरात रेडिओ एकच. सकाळी अप्पांना शिवभजन लागायचं आणि काकूंना सिनेमाची गाणी, आणि दोघं एकाच वेळी रेडिओच्या खुंटीला हात घालायची. दोघांना आपापल्या कानात आपापलं ऐकता आलं असतं, तर त्या घरात सकाळचा चहा तरी गरम प्यायला मिळाला असता.

पण अप्पांचं लक्ष त्या हिवाळ्यात दुसरीकडेही होतं, आणि ते सांगितल्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही. अप्पांचा स्वतःचा एक ज्वारीचा वाण होता. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ओळीत त्यांना एकच कणीस वेगळं दिसलं होतं, टपोरं आणि मोत्यासारखं पांढरं. ते त्यांनी बाजूला काढलं, पेरलं, निवडलं, पुन्हा पेरलं. त्याला नाव नव्हतं, नुसता नंबर होता. पण अप्पा तो नंबर घरच्या लेकरासारखा उच्चारायचे. मोठ्या वाफ्यात त्याचे दोन हंगाम चांगले गेले होते. हा तिसरा. उन्हाळ्यात अप्पा रिटायर होणार होते. तिसऱ्या हंगामाचा आकडा चांगला आला असता, तर वाण पुढच्या पायरीवर गेला असता. नाही आला, तर अप्पांच्या मागे त्या नंबराला पुन्हा पेरील असं शेतावर कुणी नव्हतं. मीही नाही. मी फक्त बेरजा करणारा.

तर एका दुपारी लिंबाखाली बोंडं आणि वाट्यांची चाचणी सुरू झाली. ऐकणारे म्हणजे आमचा मजूर कोंडिबा, मी, स्वतः अप्पा आणि राखणदार गफूरभाई. कुणी कधी काय लावायचं ते टोपीतल्या चिठ्ठ्यांवर ठरलं. गफूरभाईंच्या वाट्याला तुलनेचा जुना वाण आला, म्हणजे काहीच न लावणं. त्यांना नुसतं बसवलं. कोंडिबाच्या कानात भजन चालू असताना अप्पांनी त्यांना विचारलं, "गफूरभाई, कसं ऐकू यायलंय?"

"मेरे कू तो कुछ भी नै सुनाई देरा, अप्पा."

"बराबर. शून्य धरा," अप्पा मला म्हणाले. मी शून्य धरलं.

"मेरा भी नंबर लगाव ना," गफूरभाई म्हणाले.

"तुमचं काम चालूच हाय की. कुणीतरी काहीच न्हाई ऐकलं तरच बाकीच्यांनी किती ऐकलं ते कळतंय."

गफूरभाई चाचणी संपेपर्यंत तसेच बसून राहिले, आणि प्रत्येक फेरीला अप्पांनी त्यांना तोच प्रश्न विचारला.

गाण्यांचाही निकाल रीतीप्रमाणे. कॅसेटच्या प्रत्येक बाजूचं पहिलं आणि शेवटचं भजन म्हणजे कडेच्या ओळी, म्हणून ती ऐकायची पण धरायची नाहीत. त्या कॅसेटवर एका बाजूला भजनं जेमतेम तीन. म्हणजे मधलं एकच उरलं, आणि ते लागलं की अप्पा बोट वर करून ओरडायचे, "आता ऐका! आता मनापासून ऐका!"

खरी अडचण गुणांची होती. मी दहापैकी गुण द्यायला सांगितलं होतं. कोंडिबानं बोंडं लावली आणि म्हणाला, "लय भारी." वाट्या लावल्या आणि म्हणाला, "लय म्हणजे लयच भारी."

"आकडा सांग," मी म्हणालो.

"साहेब, भारीला आकडा आस्तोय का?"

मला विचाराल तर फरक स्पष्ट होता. बोंडांत टाळ आणि गाणाऱ्याचे शब्द स्वच्छ येत, पण मृदंगाची थाप पत्र्यावर बोट वाजवल्यासारखी. वाट्यांत तीच थाप छातीत घुमायची, आणि मागचे साथीला गाणारे कुठे बसलेत तेही दाखवता आलं असतं. पण माझ्या मताला अप्पा एका वाफ्याएवढीच किंमत देत. ते म्हणाले, "हे समदं सावलीतलं झालं. वॉकमन चालत-फिरत ऐकायचं यंत्र हाय. कोरडवाहूचा वाण बागायतीत तपासून काय उपेग?"

म्हणून चाचणी सायकलीवर गेली. बोंडं प्रत्येक खड्ड्याला कानातून निसटून लोंबायची, आणि आमच्या रस्त्याला खड्डे भरपूर. वाट्यांची अडचण टोपीशी होती. टोपी आधी घालून वरून पट्टी चढवली, तर वारा टोपी पुढे ढकलून डोळ्यांवर आणी. पट्टी आधी आणि टोपी वर, तर टोपी पिकल्या पेरूवर बसलेल्या पोपटासारखी डुलायची. वॉकमन गळ्यात अडकवायला मात्र अप्पांनी साफ नकार दिला. गळ्यात इष्टलिंग होतं. "एका गळ्यात दोन दोरे नगंत," म्हणून वॉकमन बंडीच्या खिशात. एकदा वाट्या लावून ते रस्त्याच्या मधोमध भजनात चालले असताना मागून एक ट्रक बराच वेळ हॉर्न वाजवत आला. शेवटी ड्रायव्हर खाली उतरून समोर उभा राहिला आणि हातवारे करत काय वाटेल ते बोलला. अप्पांनी सगळं शांतपणे पाहून घेतलं, आणि संध्याकाळी मला सांगितलं, "वाट्यांच्या बाजूनं एक धरा. बाहेरचा आवाज आजाबात आत येत न्हाई. ह्यो लय मोठा गुण हाय."

मी तो गुण धरला. आम्ही दोघंही आयुष्यभर पिकांत वावरलेली माणसं, पण त्या गुणाचा पुढे काय अर्थ होणार, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

ज्वारी चिकात आली. आमच्याकडे हे दिवस राखणीचे. भोरड्या पाखरांचे थवेच्या थवे येतात, आणि एक थवा वाफ्यावर उतरला तर मागे नुसती पिशी राहते, दाणा नाही. म्हणून वाफ्यांजवळ उंच माळे बांधतात आणि सकाळी माळ्यावर माणूस बसतो, हाताशी गोफण आणि डबा. भोरड्या दिसायच्या आधी ऐकू येतात, म्हणून राखणदार डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त राखतो. अप्पांनी ठरवलं, की चालत्या कामातली चाचणी इथंच घ्यायची. वॉकमन एकच, म्हणून एका सकाळी एक माणूस. टोपीत चिठ्ठ्या पडल्या.

पहिल्या सकाळी गफूरभाई. चिठ्ठीत पुन्हा काहीच न लावणं. ते म्हणाले, "अप्पा, ये टोपी मेरी दुश्मन है." त्यांचा वाफा शाबूत राहिला.

दुसऱ्या सकाळी कोंडिबा, बोंडं लावून. भोरड्या आल्या तेव्हा त्याला थोडं उशिरानं कळलं. त्यानं डबा बडवला, पण एक कोपरा गेला होता. "गाण्यात कुणीतरी शिट्टी वाजवायलंय आसं वाटलं," तो म्हणाला.

तिसऱ्या सकाळी चिठ्ठी निघाली ती अप्पांची स्वतःची. साधन, वाट्या. वाफा, त्यांच्याच नंबराचा.

मी म्हणालो, "अप्पा, आजचा दिवस राहू द्या. तुमचा वाफा आहे."

"चिठ्ठी ती चिठ्ठी," अप्पा म्हणाले आणि माळ्यावर चढले.

पुढचं आम्ही ऑफिसच्या ओट्यावरून पाहिलं. ऊन कोवळं होतं. अप्पा मांडी घालून बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली, वाट्या चढवल्या आणि डोळे मिटले. पहिलं भजन कडेची ओळ असल्यानं ते नुसतं ऐकत होते. मधलं लागलं असावं, कारण ते डुलायला लागले. नेमका तेव्हाच पूर्वेकडून थवा आला, वळला आणि एखादी चादर झटकून अंथरावी तसा अप्पांच्या वाफ्यावर पसरला.

"अप्पा!" मी ओरडलो. कोंडिबा ओरडला. गफूरभाईंनी तर बांग द्यावी तसा आवाज लावला. ओट्यावर आलेले आमचे मोठे साहेब, जे पुण्याकडचे आणि एरवी हळू बोलणारे, तेही "अहो! अहो!" करत हात हलवू लागले. अप्पांनी एक डोळा उघडला. साहेब हात हलवताहेत हे पाहून अदबीनं हात कपाळाला लावला. मग आम्ही सगळेच हात हलवतोय हे बघून त्यांनी दोन्ही हातांची बोटं पसरून दाखवली. दहापैकी दहा. आणि डोळे मिटले.

आम्ही पळत सुटलो. पण ओट्यापासून वाफा लांब, मधे पाण्याचा पाट, आणि कोंडिबा पाटात पडला. आम्ही निम्म्यात असू तेव्हा कॅसेटची बाजू संपली. अप्पांनी समाधानानं डोळे उघडले आणि वाट्या काढल्या.

सगळं शेत चिवचिवत होतं.

अप्पांनी गोफण उचलली नाही. डबा वाजवला नाही. ते नुसते उठून उभे राहिले, आणि बहुतेक त्या उभं राहण्यालाच बिचकून थवा उडाला. आम्ही पोचलो तेव्हा ते माळ्यावरून उतरून कणसं बघत होते. टपोरं, मोत्यासारखं काहीच राहिलं नव्हतं. कोंडिबाच्या धोतरातून पाणी गळत होतं, त्याचाच काय तो आवाज.

साहेब माणूस चांगला. संध्याकाळी मला आणि अप्पांना बोलावून म्हणाले, "पक्ष्यांनी खाल्लेल्या वाफ्याचा आकडा शेजारच्या वाफ्यांवरून काढता येतो. तसं सूत्र आहे. अप्पा, तुमचा वाण पुढे जाईल." सूत्र मला पाठ होतं. मी पेन्सिलसुद्धा काढली होती.

"न्हाई साहेब," अप्पा म्हणाले. "पाखरांनी नेलं ते पाखरांच्या नावानं लिहा. शेजाऱ्याच्या वाफ्यावरून माज्या पोराचं वजन कसं सांगावं?"

"मग एका वाफ्यापायी सबंध हंगाम रद्द होतो."

"व्हय. रद्द."

मी तिथं शून्यही लिहू शकलो नाही. शून्य म्हणजे पीक आलं नाही. पीक तर आलं होतं. मी नुसती आडवी रेघ मारली.

बाहेर पडल्यावर बराच वेळ सायकली हातात धरून आम्ही चालत होतो. शेवटी अप्पाच म्हणाले, "एक मात्र हाय. गफूरभाईचा वाफा समदा शाबूत. बोंडांत एक कोपरा गेला. वाट्यांत समदाच गेला. आकडे वळीत हायती बगा."

"म्हणजे वाट्यांचा आवाज सगळ्यात चांगला?" मी विचारलं.

अप्पा थांबले. माझ्याकडे असं बघितलं, जणू मी सगळी रीतच विसरलो होतो.

"एका हंगामावर बोलू न्हाई," ते म्हणाले, आणि टांग टाकून निघून गेले.

उन्हाळ्यात त्यांना निरोप दिला. नारळ, शाल, भाषणं. साहेबांनी रीतसर कागद करून त्यांच्या नंबराचं उरलेलं मूठभर बी त्यांना दिलं. शालीपेक्षा ती पुरचुंडी त्यांनी जास्त जपून धरली होती. चुडाव्याला त्यांचं वडिलोपार्जित रान होतं, अगदी रेल्वेला लागून. तिकडं राहायला गेले. गेल्यावर वॉकमनचं काय झालं, ते कोंडिबाकडून कळलं. काकूंनी निकालाची वाट पाहिली नाही. वाट्या त्यांच्या कानातल्या कुड्यांवर दाबल्या जायच्या आणि टोचायच्या, म्हणून त्यांनी बोंडं घेतली, आणि बोंडांबरोबर वॉकमनही. जावयाला त्यांनी परस्पर कळवून टाकलं, की आता काही आणू नका. अप्पांकडे नुसत्या वाट्या उरल्या.

त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यानंतरच्या एका हिवाळ्यात. विद्यापीठाच्या नामांतरावरून झालेल्या बंदमुळे एसटी उभ्या होत्या, म्हणून मी नांदेडला पॅसेंजरनं निघालो होतो. गाडी चुडाव्याला थांबली. खिडकीतून पाहतो तर रुळांच्या कुंपणापलीकडे ज्वारी उभी, कणसं चिकात आणि टपोरी, मोत्यासारखी पांढरी. मधे माळा. माळ्यावर अप्पा पत्र्याचा डबा जीव तोडून बडवत होते. कानांवर वाट्या होत्या. वाट्यांची वायर खाली लोंबत होती, कशालाच न जोडलेली. डब्याचा आवाज इतका भयंकर होता, की आमच्या बोगीतलं एक तान्हं पोर रडायला लागलं. एवढा आवाज दिवसभर करायचा, तर कान झाकायला त्या वाट्यांसारखं दुसरं काही नव्हतं. बांधावर बाभळीखाली गिरजाकाकू बोंडं लावून बसल्या होत्या. पाय ठेक्यात हलत होता. भोरड्यांचं आणि डब्याचं त्यांना सोयरसुतक नव्हतं.

मी खिडकीतून हाक मारली. बोगीतल्या दोघातिघांनी मिळून मारली. शेवटी अप्पांनी आम्हाला हात हलवताना पाहिलं. या वेळी त्यांनी दहा बोटं दाखवली नाहीत. आधी मान वळवून सबंध रान नीट पाहून घेतलं, आकाशसुद्धा, आणि मगच एका कानावरची वाटी बाजूला केली.

"अप्पा!" मी ओरडलो. "वाण कसा आहे?"

गाडीनं शिट्टी दिली. अप्पा माळ्यावरून उतरून कुंपणाकडे आले. त्यांच्या चेहऱ्यावर मी आधी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. त्यांनी तोंड उघडलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्यांच्याकडून एक सबंध मत ऐकायला मिळालं.

"ब्येस!" अप्पा ओरडले. "लय ब्येस हाय!"

गाडी हलली. मी हात उंचावला. त्यांचे आधीचे दोन हंगाम आणि हा एक, अशी बेरीज मी मनात केलीही होती. तीन झाले होते. इतक्यात पाहतो तर अप्पा कुंपणाच्या कडेकडेनं गाडीबरोबर पळायला लागले होते. एक वाटी कानावर, एक गळ्याशी, मागे वायर ढेकळांवरून उड्या मारत येत होती. काही फार महत्त्वाचं सांगायचं राहिलंय असा चेहरा. मी खिडकीतून निम्मा बाहेर वाकलो.

"पर जमीन निराळी हाय!" धापा टाकत अप्पा ओरडले. "हंगाम एकच धरा! एकच!"